सातव्या चौकटीतला किडा

मोजणीबाईंनी अंगठ्याखालची कळ एकदाच दाबली. टक्. मग बशीच्या तळाला आखलेल्या उरलेल्या सगळ्या चौकटी त्यांनी दोनदा पालथ्या घातल्या, बशी अर्धी फिरवली, भिंग वरखाली केलं. पण दुसरा 'टक्' काही झाला नाही. काचेच्या बशीत पाणी निवांत पडलं होतं, आणि मातीतून गाळून आलेले दोन-चार कण त्यात आपापल्या जागी बसून होते, समारंभ आटोपल्यावरही उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यांसारखे.

"किती?" दारातूनच साहेबांनी विचारलं.

"एक."

"एकच?"

"एकच. सातव्या चौकटीतून आठवीत गेला. माझ्यादेखत."

साहेबांनी सुस्कारा सोडला. रोपवाटिकेच्या मातीला एकही पुष्कळ असतो. शेताच्या मातीत शंभर सूत्रकृमी, मुळात घर करणारे हे धाग्यासारखे किडे, निघाले तरी कोणी आकांत करत नाही. शेत काही उठून चालू लागत नाही. रोपं मात्र गावोगाव जातात, आणि मुळाला धरून किडाही फुकटात प्रवास करतो. म्हणून शून्य निघालं तर हिरवी चिठ्ठी, आणि एक निघाला तरी लाल. लाल चिठ्ठी फाटकावर डकवली की चौथ्या दिवशी गाडी येते आणि होती नव्हती तेवढी रोपं भट्टीत जातात.

"कुणाची माती ही?" बाईंनी विचारलं. मोजून होईपर्यंत त्या हे कधीच विचारत नसत.

साहेबांनी पिशवीवरचा आकडा वहीशी ताडून पाहिला. मग वही जरा हलकेच मिटली.

"तुमच्या दादाची, बाई."

बाईंचा दादा हा त्या पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला रोपवाला होता आणि सगळ्यात मोठा थापाड्याही. त्याच्या भोपळ्यात मांजर व्यायली होती म्हणे, आणि पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्याने भोपळा कापू दिला नव्हता. त्याच्या एका टोमॅटोच्या झाडाला इतका भार आला की ते रात्रीतून तीन हात पुढे सरकलं, शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकायला. ऐकणारे हसत आणि रोपं घेऊन जात. रोपांच्या बाबतीत मात्र त्याने कुणाला फसवल्याचं कोणी सांगत नसे.

बाई मोजायला शिकल्या त्याच मुळी दादाच्या थापांवर. लहानपणी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर त्या कोळशाने एका थापेला एक रेघ ओढत. शाळेत नाव घालायच्या आधीच त्यांना शंभरापर्यंत येत होतं, त्याचं श्रेय घरातल्या कुणी कधी दादाला दिलं नाही. पुढे प्रयोगशाळेत नोकरी लागली, तळहातात मावेल एवढं मोजणीयंत्र मिळालं, आणि बाई ते घरीदारी पर्समध्ये बाळगू लागल्या. सगळी जेवायला बसली, दादा रंगात आला, की टेबलाखालून आवाज यायचा: टक्.

"कितवी?" दादा घास हातात धरून विचारायचा.

"या महिन्यातली एकोणिसावी."

"उतरलोय मी हल्ली," म्हणून तो नव्या दमाने सुरू करायचा.

"वन्सं, तुम्ही यांचं खरं बोलणं मोजत जा," वहिनी म्हणायची. "बोटं तरी दुखणार नाहीत."

तर अशा दादाच्या फाटकावर लाल चिठ्ठी लागली. चाळीस हजार रोपं होती आत, वीतभर उंचीची, आठवड्याभरात निघायची. दादा प्रयोगशाळेत भांडायला आला नाही, फोनवरही आला नाही. वहिनीचाच फोन आला.

"ते म्हणताहेत, बहिणीने, त्यांच्या चिमणीने, आयुष्यभराच्या थापांचा सूड एका फटक्यात घेतला."

"असं म्हणतोय तो?"

"म्हणताहेत आणि चाळणी घेऊन माती चाळत बसलेत. जेवायचंही भान नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत मागे रेलून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून एक सूत्रकृमी चालला होता.

चांगला दीडवीत लांब. अंगाने पारदर्शक, शेपटीकडे निमुळता, मधे एक नाजूक बाक. डावीकडून निघाला, कॅलेंडर ओलांडलं, खिडकीच्या चौकटीशी पोचला. बाईंनी छताकडे पाहिलं, तर तो आज्ञाधारकपणे छतावर आला. टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं, तर तिथेही हजर. त्याच्याकडे नीट रोखून पाहू गेलं की मात्र लाजल्यासारखा हळूच बाजूला सरकायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं.

"वय झालं की डोळ्यातल्या पाण्यात असे धागे सुटतात. निरुपद्रवी असतात. दुर्लक्ष करायचं."

"माझं कामच लक्ष द्यायचं आहे, डॉक्टर. हा केव्हापासून असेल आत?"

"तुम्हाला दिसला आज. आत केव्हापासून आहे, ते त्यालाच ठाऊक."

बाई परत आल्या त्या पायऱ्या मोजायचंही विसरून. प्रत्येक मातीची अर्धी पिशवी नियमाप्रमाणे राखून ठेवलेली असते. दादाच्या मातीची ती अर्धी पिशवी त्यांनी काढली, नरसाळ्यात पातळ कागदावर पसरली, खाली पाणी लावलं. किडे असले तर ओलाव्याच्या ओढीने खाली उतरतात. पुरेसा वेळ देऊन बशी भिंगाखाली घेतली, आणि या खेपेला त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही बघायला लावलं. दोघींनाही शून्य मिळालं.

पण त्याने भागत नव्हतं. माती म्हणजे काही मीठ घातलेलं पाणी नाही, की कुठलाही थेंब घ्या, तेवढाच खारट. किडे मातीत मोहल्ले करून राहतात. एका मुठीत शंभर आणि शेजारच्या मुठीत एकही नाही, असं होतं. दुसऱ्या अर्ध्या पिशवीतलं शून्य पहिल्या पिशवीतला एक पुसू शकत नव्हतं. तो पुसायचा अधिकार फक्त मोजणाऱ्याला.

"छापील कागद आहे त्यासाठी," साहेब म्हणाले. त्यांनी खण उघडून तो काढलाही. "'माझ्या मोजणीत चूक झाली' असं लिहायचं. सही झाली की चिठ्ठी तिथल्या तिथे रद्द. फक्त..."

"फक्त काय?"

"कारण लिहावं लागतं. आणि डोळा असं कारण लिहिलंत, तर भिंगापुढची खुर्ची मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. मी काही हौसेने देणार नाही, बाई. पण द्यावी लागेल."

कागद घडी करून बाईंनी पर्समध्ये ठेवला. मोजणीयंत्राला तो लागला, तसा आत हलकासा टक् झाला. काचघरातल्या बाकावर त्या जरा टेकल्या. तिथे प्रयोगशाळेच्या कुंड्या होत्या, ऊब होती, ओल्या मातीचा वास होता, छतावरून पाणी थेंबथेंब गळत होतं. एक, दोन, तीन. नऊपर्यंत बाई जाग्या होत्या.

मग त्या मातीच्या एका कणावर उभ्या होत्या. कण टेकडीएवढा होता आणि त्याला पाण्याचं पातळ कातडं होतं, त्यावर पाय ठेवला की ते थरथरायचं. पुढे तो चालला होता, अंगाला झोका देत, सातव्या चौकटीतला. बाई मुकाट्याने मागे निघाल्या. अंधार होता, पण त्याला त्याचं काही नव्हतं, कारण त्याला डोळेच नव्हते. तो तोंड डावीकडे न्यायचा, उजवीकडे न्यायचा, आणि जिकडे वास जास्त तिकडे वळायचा. पावाच्या भट्टीजवळून जाताना पावलं आपोआप रेंगाळतात, तसा तो एका कणावर रेंगाळला. दूरवर कुठेतरी एक कोवळं मूळ श्वास सोडत होतं, टोकाशी गोडसर चिकट काहीतरी सांडत वाढत होतं.

पोचल्यावर त्याने घाई केली नाही. मुळाच्या टोकामागे जिथे साल अजून धरलेली नसते, तिथे तो ओठांनी हलके हलके चाचपत राहिला. मग तोंडातली सुई बाहेर काढली, एवढीशी, आणि टोचली, पुन्हा टोचली, आणि दार नसलेल्या घरात शिरला. आत पेशींची दाटी होती. 'जरा सरका, जरा सरका' करत तो आधी टोकाकडे गेला, तिथे वळला आणि मधल्या गाभ्यात येऊन थांबला. तिथल्या पाच-सहा पेशींना त्याने आपली थुंकी पाजली. काय होतं त्या थुंकीत कुणास ठाऊक. मुळाला वाटलं, हे आपलंच पोर. पेशी फुगल्या, कोठारासारख्या भरल्या, बाजूची साल वाटोळी उठली आणि गाठ झाली. तो पीत राहिला, फुगत राहिला, चालणं विसरला. तो मुळात ती होती. पेअरच्या फळासारखी गोल होऊन ती जन्मभरासाठी तिथेच बसली. ज्यांच्या वाट्याला खायला कमी आलं ते मात्र नर झाले, आणि बारीक अंगाने मुळाबाहेर पडले.

"बाई, मला मोजलंत ना?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"मोजलं. पण तू होतीस कुठे? बशीत की माझ्या डोळ्यात?"

"मला काय विचारता? मला डोळे आहेत का?"

थेंब पडला. बाईंच्या कपाळावर पडला होता. त्यांनी तो पुसला आणि तशाच बसून आठवून पाहिलं. डोळ्यातला धागा आपण बघू तिकडे येतो; किडा आपण बघो न बघो, आपल्या वाटेने जातो. सातव्या चौकटीतून आठवीत कोण गेलं होतं, किडा की नजर? बत्तीस वर्षांत त्यांना असा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि पडला तेव्हा उत्तर धुऊन मोरीत गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दादाकडे गेल्या. गाडी यायला एक दिवस उरला होता. फाटकावर लाल चिठ्ठी चारी कोपऱ्यांनी घट्ट बसली होती. आत जाळीखाली रोपांचे ट्रे ओळीने मांडलेले, आणि चाळीस हजार कोवळे शेंडे एकाच बाजूला कललेले, काहीतरी ऐकत असल्यासारखे. स्वयंपाकघराच्या भिंतीला वहिनीचा घेवडा मांडवावर चढला होता. दादा पालथ्या खोक्यावर बसून माती चाळत होता.

"या, मोजणीबाई. मोजायचं राहिलंय का काही?"

"दादा, मला बोलायचंय."

"लिहून फाटकावर डकव. येताजाता वाचेन."

वहिनीने आतून स्टूल आणून ठेवलं. "बसा, वन्सं. आता दोघं काय ते बोला. मी मधे नाही." आणि ती खरंच आत गेली.

बाईंनी सांगितलं. भिंतीवरचा किडा, छतावरचा, डॉक्टर, दुसरी बशी, सगळं सांगितलं, कुठे काही वाढवलं नाही. दादाची चाळणी हळू हळू होत थांबली. एरवी तो कुणाचंही बोलणं मधेच आपल्या घरी घेऊन जायचा. आज तो नुसता ऐकत होता.

"म्हणजे माझी रोपं तुझ्या डोळ्यातल्या धाग्यापायी जाणार?"

"कदाचित. कदाचित तो किडाच होता. मला सांगता येत नाही, हेच सांगायला आले."

"आणि तू लिहून दिलंस तर?"

"चिठ्ठी निघते."

"आणि तुझं?"

"खुर्ची निघते."

दादाने तळव्यांना लागलेली माती एकमेकांवर घासली. "मग करशील काय दिवसभर?"

"भिंतीकडे बघत बसेन. करमणूक आहे तिथे."

"एकतीस वर्षं बसलीस तू त्या खुर्चीत."

"बत्तीस."

"बघ, मोजणी अजून शाबूत आहे," तो म्हणाला, पण हसला नाही. मग उठला. "बस इथेच. हलू नकोस."

तो मागच्या बाजूला गेला, जिथे जुन्या झाडांच्या कुंड्या होत्या. थोड्या वेळाने आवाज येऊ लागला. थप्. कुंडी पालथी करून बुडावर पंजा मारला की मुळांचा गड्डा अखंड हातात येतो, त्याचा आवाज. थप्. मग शांतता, मुळं निरखण्यापुरती. थप्. बाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. ऊन जाळीतून गाळून येत होतं आणि रोपांवर चौकटी पडल्या होत्या. त्यांतून धागा फिरत होता, या चौकटीतून त्या चौकटीत. थप्. त्रेचाळीस कुंड्या झाल्या. मग आवाज बंद झाला, आणि बराच वेळ बंदच राहिला.

दादा परत आला तो गेला त्या बाजूने नाही, स्वयंपाकघराच्या बाजूने. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक मूळ होतं, धुतलेलं, वरचा देठ बोटभर ठेवून कापलेला.

"हे बघ. दाखवणार नव्हतो." त्याने ते बाईंच्या मांडीवर ठेवलं. "मागच्या वांग्याचं आहे. उन्हाळ्यापासून गाठी आहेत. मला ठाऊक होतं, मीच लपवलं. तुझा डोळा ठणठणीत आहे, चिमणे. किडा होताच. तो कागद फाडून टाक."

मुळावर गाठी होत्या, भरपूर, मण्यांसारख्या. बाईंनी मूळ डोळ्यांजवळ नेलं नाही. नुसता अंगठा त्यावरून फिरवला.

वर्षाला आठ-दहा जण तरी प्रयोगशाळेत असं मूळ घेऊन धापा टाकत येत. मुळाला गाठी आल्या, आता पीक गेलं, म्हणून रडकुंडीला आलेले असत. बाई त्यांना आधी पाणी देत, मग मूळ हातात घेऊन नखाने एक गाठ खरवडत. किड्याची गाठ निघत नाही. मूळच सुजलेलं असतं, सूज कशी निघणार? पण घेवडा-चवळीच्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या, हवेतलं खत झाडाला पोचवणाऱ्या चांगल्या गाठी असतात, त्या नख लावताच अलगद सुटतात. 'घरी जा,' बाई त्यांना सांगत, 'पीक मजेत आहे.'

त्यांनी नख लावलं. गाठ अलगद सुटून तळहातावर पडली. खालचं मूळ गुळगुळीत, निरोगी. त्यांनी ती बोटांत चिरडली. आतून गुलाबी निघाली.

त्रेचाळीस कुंड्या. चाळीस वर्षं मुळं बघितलेला माणूस, आणि अख्ख्या आवारात त्याला दाखवायला एक खरी गाठ सापडली नव्हती.

"वांग्याचं म्हणालास?"

"वांग्याचं."

"उन्हाळ्यापासून?"

"उन्हाळ्यापासून. मे महिन्यात तर ही एवढी, लिंबाएवढी झाली होती एकेक."

बाईंचा हात पर्समध्ये गेला. दादा बोलायचा थांबला आणि, जन्माची सवय, पर्सकडे बघत राहिला. कळ अंगठ्याखाली होती, थंडगार. बराच वेळ होती. मग बाईंनी रिकामा हात बाहेर काढला.

"अहो," आतून वहिनीचा आवाज आला, "माझा घेवडा कोणी उपटला? वेल वर नुसता लोंबतोय, खाली मूळच नाही त्याला."

"घूस असेल," दादा म्हणाला.

"घूस विळ्याने कापायला कधीपासून लागली?"

दादाने चाळणी उचलली आणि तो ती मन लावून हलवू लागला. चाळणीत माती नव्हती.

बाई उठल्या. मूळ त्यांनी गोणपाटात नीट गुंडाळून स्टुलावर ठेवलं, ओलं राहील असं. फाटकाशी येऊन पर्समधून कागद काढला, फाटकाच्या खांबावर धरला, कारणाच्या जागी 'डोळा' हा एकच शब्द लिहिला आणि खाली सही केली. अक्षरांवरून धागा सावकाश डावीकडून उजवीकडे गेला, सहीशी घुटमळला आणि कागदाबाहेर निघून गेला. त्याला आता जायचं तिकडे जाऊ दे.

मग त्यांनी लाल चिठ्ठीच्या कोपऱ्याखाली नख घातलं.

"अगं, काय करतेस?" दादा चाळणी घेऊन तसाच धावत आला. "मी दाखवलं ना तुला? सरकारी चिठ्ठी आहे ती, चिमणे."

"मी कुठे काय करतेय?" बाईंनी उरलेले तीन कोपरे सोडवत म्हटलं. "गोंद कच्चा होता. आपोआप सुटली."

दादा बघत राहिला. बहिणीच्या चेहऱ्याकडे, तिच्या अंगठ्याकडे, नखात अडकलेल्या लाल कपट्याकडे. साठाव्या वर्षाला टेकलेल्या या बाईने आजवर एकही रेघ स्वतःच्या नावावर ओढू दिली नव्हती.

त्याने जीभ टाळूला लावली.

"टक्."